पुडीवरचे चार शब्द: एका निळ्या स्पायनेलचे मूल्यांकन

पुण्यातील एका सराफाने मुंबईच्या दलालाकडून जांगडवर, म्हणजे पसंतीच्या बोलीवर, आणलेला एक निळा खडा एका कुटुंबाला साखरपुड्याच्या अंगठीसाठी पसंत पडला आणि व्यवहार पक्का होण्यापूर्वी सराफ व कुटुंब या दोघांनी मिळून तो माझ्याकडे मूल्यांकनासाठी दिला. खडा अंडाकृती होता, वजन ३.२४ कॅरट, लांबी ९.३, रुंदी ७.९ आणि खोली ५.९ मिलिमीटर. पुडीवर दलालाच्या हस्ताक्षरात चार शब्द लिहिलेले होते: नॅचरल, अनट्रीटेड, कोबाल्ट, सिलोन (म्हणजे श्रीलंका). सोबत एका लहान प्रयोगशाळेचे लॅमिनेट केलेले कार्ड होते. त्यावर वजन, छायाचित्र आणि ‘नैसर्गिक स्पायनेल’ एवढाच निष्कर्ष होता; निळा स्पायनेल हा नीलमासारखा दिसणारा, पण वेगळ्या खनिजाचा रत्नखडा. प्रक्रियेच्या रकान्यात काहीही लिहिलेले नव्हते.

मागितलेला भाव तेवढ्याच आकाराच्या व स्वच्छतेच्या साध्या निळ्या स्पायनेलच्या त्या वेळच्या भावाच्या सुमारे अडीचपट होता. हा फरक कशाचा, असे विचारल्यावर सराफाला उत्तर मिळाले होते की खडा अनट्रीटेड, म्हणजे तापवणे वगैरे प्रक्रिया न केलेला, आहे, म्हणून. माझ्या मते या प्रकरणाची गाठ याच उत्तरात होती. नीलम आणि माणिक यांच्या बाजारात बराचसा माल तापवलेला असतो, त्यामुळे न तापवलेल्या खड्याला मोठा चढा भाव मिळतो, आणि तीच फूटपट्टी लोक नकळत स्पायनेललाही लावतात. स्पायनेल तापवून त्याचा रंग किंवा स्वच्छता सहसा फारशी सुधारत नाही. म्हणून बाजारात येणारा बहुतेक नैसर्गिक स्पायनेल मुळातच प्रक्रियेविना येतो. खडा प्रक्रियामुक्त असणे ही येथे किमान अपेक्षा आहे आणि ती पूर्ण होते की नाही हे तपासलेच पाहिजे, परंतु तिच्यासाठी अडीचपट मोजण्याचे कारण नाही. एवढा चढा भाव द्यायचाच असेल, तर तो रंगासाठी द्यावा लागतो, आणि निळ्या स्पायनेलमध्ये रंगाचा भाव पुडीवरच्या तिसऱ्या शब्दाभोवती, म्हणजे ‘कोबाल्ट’भोवती, फिरतो.

ओळख

पहिली शंका अर्थातच नीलमाची होती, कारण श्रीलंकेतील ज्या गाळातून निळा स्पायनेल मिळतो, त्याच गाळातून नीलमही मिळतो आणि दोन्ही खडे एकाच पुडीत मिसळलेले आढळणे नवलाचे नाही. ही शंका काही मिनिटांत फिटते. नीलम दुहेरी अपवर्तन करतो, म्हणजे त्यात शिरलेला प्रकाश दुभंगतो, त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) १.७६२ ते १.७७० या पट्ट्यात असतो आणि डायक्रोस्कोपमधून पाहताना त्याच्या निळ्याच्या दोन वेगवेगळ्या छटा शेजारीशेजारी दिसतात. हा खडा डायक्रोस्कोपमध्ये कोणत्याही दिशेने फिरवला तरी एकच छटा देत होता, पोलॅरिस्कोपमध्ये (ध्रुवित प्रकाशात खडा पाहण्याच्या उपकरणात) पूर्ण फिरवूनही काळाच राहत होता आणि अपवर्तनांक मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर त्याची १.७१९ ही एकच रेघ उमटत होती. स्पायनेल म्हणजे मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड. त्याचे स्फटिक घनाकृती प्रणालीचे असल्यामुळे त्यात प्रकाश दुभंगत नाही आणि त्याचा नेहमीचा अपवर्तनांक १.७१८ च्या आसपास असतो. खडा स्पायनेल आहे, एवढे येथे ठरले.

तो जमिनीतून आला की भट्टीतून, हा पुढचा प्रश्न अधिक वेळ घेणारा होता. ज्योतीच्या भट्टीत बनवलेला कृत्रिम स्पायनेल गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून अस्तित्वात आहे. १९०८ च्या सुमारास कृत्रिम नीलमाला निळा रंग आणण्यासाठी कोबाल्टबरोबर मॅग्नेशियम वापरले गेले, आणि नीलमाऐवजी निळा स्पायनेलच हाती लागला. पुढे तो इतका स्वस्त झाला की जुन्या अंगठ्यांमधले कितीतरी ‘नीलम’ आणि ‘ॲक्वामरीन’ प्रत्यक्षात हाच माल निघतात. या पद्धतीत ॲल्युमिनाचे प्रमाण नैसर्गिक खड्यापेक्षा बरेच जास्त ठेवावे लागते, त्यामुळे अपवर्तनांक १.७२८ आणि विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) ३.६४ पर्यंत चढते, आणि पोलॅरिस्कोपमध्ये अंतर्गत ताणामुळे उजेड-अंधाराचे पट्टेदार जाळे दिसते. आपल्या खड्यात तसे जाळे नव्हते आणि १.७१९ हा आकडाही नैसर्गिक बाजूला होता.

येथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे, कारण केवळ अपवर्तनांकाचे कोष्टक पाहून निकाल देण्याची सवय सराफ्यात बरीच दिसते. श्रीलंकेतील काही निळ्या स्पायनेलमध्ये जस्ताचे प्रमाण जास्त असते. अशा गाह्नोस्पायनेलचा अपवर्तनांक १.७२८ च्याही वर जाऊ शकतो. म्हणजे आकडा चढा आला असता, तर तेवढ्यावरून खडा कृत्रिम ठरवणे अन्यायाचे झाले असते. उलट बाजूने, फ्लक्स म्हणजे वितळलेल्या क्षारांच्या द्रावणात वाढवलेल्या कृत्रिम स्पायनेलचा अपवर्तनांक नैसर्गिकाइतकाच, १.७१८ च्या आसपास, असतो आणि पोलॅरिस्कोपही त्याला पकडत नाही. १.७१९ या आकड्याने ज्योतीच्या भट्टीतला माल जवळजवळ बाद केला. फ्लक्समध्ये वाढवलेल्या मालाबद्दल त्याने काहीच सांगितले नाही.

विशिष्ट गुरुत्वाबद्दलही असेच. पाण्यात तोलून पाहिल्यावर खड्याचे वजन २.३४ कॅरट भरले, म्हणजे घट ०.९० कॅरट, आणि ३.२४ ला ०.९० ने भागल्यास ३.६० हा आकडा अगदी पाठ्यपुस्तकासारखा येतो. सराफाला तो पाहून समाधान वाटले. मला मात्र त्याला थांबवावे लागले. काटा कॅरटच्या शंभराव्या भागापर्यंतच वाचतो. घट ०.९० ऐवजी ०.८९ आली असती, तर भागाकार ३.६४ झाला असता, आणि हाच ज्योतीच्या भट्टीतल्या कृत्रिम स्पायनेलचा आकडा आहे. पाण्याच्या पृष्ठताणामुळे किंवा खड्याला चिकटलेल्या एका सूक्ष्म बुडबुड्यामुळे एवढी चूक सहज होते. सव्वातीन कॅरटच्या खड्यावर ही चाचणी नीलम (४.०० च्या आसपास) आणि स्पायनेल वेगळे करण्यापुरतीच उपयोगी आहे, नैसर्गिक आणि कृत्रिम स्पायनेल वेगळे करण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

खरा आधार हातातल्या स्पेक्ट्रोस्कोपने आणि सूक्ष्मदर्शकाने दिला. स्पेक्ट्रोस्कोपमध्ये वर्णपटाच्या निळ्या भागात ४५८ नॅनोमीटरच्या आसपास ठळक काळा पट्टा दिसला. हा पट्टा लोहाचा. नैसर्गिक निळ्या स्पायनेलमध्ये, तो कोबाल्टयुक्त असला तरीही, लोहाची ही खूण सहसा असते. ज्योतीच्या भट्टीतल्या कोबाल्ट-रंगी स्पायनेलमध्ये ती नसते, तेथे केवळ हिरव्या, पिवळ्या व नारिंगी भागांतले कोबाल्टचे तीन रुंद पट्टे दिसतात. अतिनील दिव्याखाली, दीर्घ आणि लघु अशा दोन्ही तरंगलांबींवर, खडा निष्क्रिय राहिला. कृत्रिम कोबाल्ट-निळा स्पायनेल दीर्घ लहरींत बहुधा लालभडक आणि लघु लहरींत खडूसारखा फिकट चमकतो. तसे काही झाले नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली खडा अधिक बोलका होता. टेबलाखाली, म्हणजे खड्याच्या वरच्या सपाट पैलूखाली, एका बाजूला अतिसूक्ष्म अष्टफलकी पोकळ्यांची रांग होती, जी पुढे वळून बोटाच्या ठशासारखी पसरलेली होती. स्पायनेलचा स्फटिक स्वतः अष्टफलकी असतो आणि त्याच्या आतल्या पोकळ्याही त्याच आकाराच्या बनतात. अशी रांग हे या खनिजाचे सर्वांत ओळखीचे लक्षण आहे. कडेजवळ एक बारीक, रंगहीन स्फटिक होता आणि त्याच्याभोवती ताणाचे छोटे वलय होते. श्रीलंकेच्या खड्यांत झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांभोवती अशी वलये वारंवार दिसतात. गोल बुडबुडे कोठेही आढळले नाहीत. एक तडा मात्र होता. गर्डलपासून, म्हणजे खड्याच्या सर्वांत रुंद कडेपासून, सुमारे एक मिलिमीटर आत गेलेला आणि पृष्ठभागापर्यंत उघडा असलेला हा तडा पुढच्या प्रत्येक निर्णयात आडवा आला.

प्रक्रिया झाली आहे का

‘अनट्रीटेड’ हा शब्द सिद्ध करणे ‘नॅचरल’पेक्षा अवघड असते, कारण नैसर्गिकपणाच्या खुणा डोळ्यांना दिसतात, तर प्रक्रिया न झाल्याचा पुरावा म्हणजे बहुतांशी प्रक्रियेच्या खुणांचा अभाव असतो. निळ्या स्पायनेलच्या बाबतीत तीन शक्यता विचारात घ्याव्या लागतात: साधे तापवणे, उच्च तापमानावर बाहेरून कोबाल्ट शिरवणे आणि उघड्या तड्यांत तेल किंवा रंगीत पदार्थ भरणे.

यांतली दुसरी शक्यता सर्वांत घातक आहे, आणि २०१५ च्या सुमारास असा माल बाजारात आल्यावर प्रयोगशाळांनी तिची दखल घेतली. फिकट किंवा करड्या रंगाचा नैसर्गिक स्पायनेल कोबाल्टच्या संयुगांबरोबर अतिशय तापवला की कोबाल्ट पृष्ठभागातून आणि तड्यांतून आत शिरतो आणि खडा गडद, विजेसारखा निळा होतो. असा खडा आयोडाइडच्या जड द्रवात, किंवा निदान स्वच्छ पाण्यात, पांढऱ्या उजेडावर बुडवून पाहिला की रंग तड्यांच्या रेषांवर आणि पैलूंच्या कडांवर साचलेला दिसतो, आतला भाग फिकट असतो आणि आतले स्फटिक वितळून विद्रूप झालेले असतात. आपल्या खड्याचा रंग बुडवून पाहताना सर्वत्र सारखा होता, कडेच्या तड्यावर निळा साठा नव्हता आणि झिरकॉनसदृश स्फटिकाच्या कडा धारदार होत्या. तड्यातून परावर्तनाचा उजेड फिरवला असता पदार्थ भरलेल्या तड्यात दिसणारी रंगीत झळक दिसली नाही, आणि अतिनील प्रकाशात तेथे तेलाची चमकही नव्हती. माझ्या कामाच्या टेबलावरच्या उपकरणांनी येथवर पोहोचता येते: कोबाल्टचा शिरकाव आणि भराव यांची खूण नाही.

साधे तापवणे मात्र टेबलावर ठरत नाही, आणि स्फटिकाभोवतीचे शाबूत वलय पाहून ‘अनहीटेड’ असे लिहून देणारे तज्ज्ञ मला धाडसी वाटतात. मध्यम तापमानावर तापवलेल्या खड्यातही असे वलय टिकू शकते. येथे प्रयोगशाळेची उपकरणे लागतात. नैसर्गिक स्पायनेल जमिनीत अतिशय सावकाश थंड झालेला असतो, त्यामुळे त्यात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांचे अणू आपापल्या ठरलेल्या जागी शिस्तीत बसलेले असतात. खडा साधारण ७५० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की काही अणूंची अदलाबदल होते आणि ही शिस्त मोडते. खड्यात अल्प प्रमाणात असलेल्या क्रोमियमची प्रकाशदीप्ती लेसरने उद्दीपित करून मोजल्यास न तापवलेल्या स्पायनेलमध्ये ६८५ नॅनोमीटरच्या आसपासची रेषा बारीक व तीक्ष्ण येते, तापवलेल्यात ती रुंद होऊन पसरते. रामन वर्णपटातही (खड्यातून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या वर्णपटातही) हाच फरक दिसतो. भट्टीत वाढवलेल्या कृत्रिम स्पायनेलमध्येही अणूंची अशीच सरमिसळ असते, त्यामुळे ही एकच मोजणी तापवणे आणि कृत्रिमपणा या दोन्ही शंकांना उत्तर देते. रिफ्रॅक्टोमीटरने मोकळी सोडलेली फ्लक्सची शक्यता येथे बंद होते; आणि जस्त, गॅलियम यांसारख्या सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले की तिला दुजोरा मिळतो, कारण नैसर्गिक खड्यात ती असतात आणि कृत्रिमात नगण्य असतात.

म्हणून मी खडा मोठ्या, प्रगत उपकरणे असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा सल्ला दिला. अहवालात नैसर्गिक स्पायनेल, तापवल्याची चिन्हे नाहीत, उगमाबाबत मत श्रीलंका, असे आले. ‘चिन्हे नाहीत’ ही शब्दयोजना काही ग्राहकांना पळवाट वाटते; प्रत्यक्षात तीच प्रामाणिक शब्दयोजना आहे. उगमाच्या मताला या खड्याच्या किमतीत फारसे स्थान नव्हते, कारण मध्यम रंगाच्या स्पायनेलला गावाच्या नावाने भाव चढत नाही.

कोबाल्ट

निळ्या स्पायनेलचा रंग मुख्यतः दोन मूलद्रव्ये देतात. लोहामुळे येणारा निळा बहुधा करडा, जांभळट किंवा शाईसारखा मंद असतो. कोबाल्टचे अत्यल्प प्रमाणही रंगाला वेगळीच धार देते. व्हिएतनाममधील लुक येन येथील, आणि अलीकडे टांझानियातील महेंगे येथील उत्कृष्ट खडे या विजेसारख्या निळ्यासाठी ओळखले जातात. असे खडे बहुधा लहान असतात, आणि स्वच्छ, मोठा खडा सापडला की त्याचा भाव साध्या निळ्याच्या कित्येक पटींवर जातो. येथेच लबाडीला जागा मिळते, कारण कोबाल्ट हा गुण ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा नसून त्याची मात्रा असते. श्रीलंकेच्या बऱ्याच निळ्या स्पायनेलमध्ये लोहाबरोबर थोडा कोबाल्ट सापडतोच. त्या थोड्याशा कोबाल्टच्या जोरावर करड्या खड्याला ‘कोबाल्ट स्पायनेल’ म्हणणे शब्दशः खोटे ठरत नाही, पण किमतीच्या दृष्टीने ते दिशाभूल करणारे असते.

दलालाने सराफाला चेल्सी फिल्टर या रंगीत गाळणीतून खडा दाखवला होता आणि तो लालसर दिसतो हे पटवले होते. माझ्याकडे त्याच फिल्टरमधून, प्रखर पिवळ्या उजेडात, खडा किंचित तांबूस दिसला. लाल म्हणण्यासारखा नव्हता. शिवाय या फिल्टरने काय सिद्ध होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. नैसर्गिक कोबाल्ट स्पायनेल त्यातून लाल दिसतो, कोबाल्टने रंगवलेला कृत्रिम स्पायनेल अधिक लाल दिसतो आणि कोबाल्टची काचही लाल दिसते. केवळ या फिल्टरच्या भरवशावर अडीचपट भाव देणाऱ्या ग्राहकाच्या हातात कृत्रिम खडाही पडू शकला असता. अहवालासोबतच्या दृश्य-अतिनील वर्णपटात लोहाचे शोषण ठळक होते. ५४५ ते ६२५ नॅनोमीटरच्या दरम्यान कोबाल्टच्या शोषणाचे खांदे, म्हणजे आलेखातले उंचवटे, होते, पण ते उथळ होते. प्रयोगशाळेने कोबाल्ट स्पायनेल अशी टिप्पणी दिली नाही. माझ्या दृष्टीने भावाचा प्रश्न येथेच निकाली निघाला: हा लोहामुळे निळा झालेला, कोबाल्टचा हलका हात लागलेला, चांगला पण दुर्मीळ नसलेला खडा होता.

उपकरणांआधी डोळ्यांनीही हेच सांगितले होते. उत्तरेकडच्या खिडकीत, ढगाळ नसलेल्या सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवलेला खडा मध्यम गडद, जांभळ्याकडे झुकणारा निळा दिसत होता आणि त्यात करड्या रंगाची पातळ सावली होती. पिवळ्या बल्बखाली तो स्पष्ट जांभळट झाला. कोबाल्टचे प्रमाण भरपूर असलेला खडा उजेड मंद झाला तरी पेटल्यासारखा राहतो. हा खडा संध्याकाळी मिटत होता. सराफाच्या दुकानातल्या थंड पांढऱ्या एलईडीखाली करडी छटा जवळपास लपते, म्हणून कुटुंबाला मी तो घरच्या दिव्याखाली आणि दुपारी गॅलरीत पाहण्यास सांगितले. त्यांनी पाहिला, आणि जांभळट छटा मुलीला अधिक आवडली. हे महत्त्वाचे आहे. अंगठी तिला घालायची होती आणि बाजार ज्या छटेला कमी लेखतो ती पसंत असणे हा ग्राहकाचा फायदाच असतो.

कट, आणि वजन कोठे दडले आहे

खोली भागिले रुंदी केल्यास जवळपास ७५ टक्के येतात. अंडाकृती खड्यासाठी हे प्रमाण जास्त आहे. तरीही टेबलातून सरळ खाली पाहिल्यावर मधोमध एक फिकट, निस्तेज भाग होता, ज्यातून खालच्या कागदावरची अक्षरे वाचता येत होती. एवढ्या खोल खड्यात अशी ‘खिडकी’ कशी, असा प्रश्न सराफाने रास्तपणे विचारला. त्याचे उत्तर बाजूने पाहिल्यावर मिळते. खड्याची खालची बाजू पोटाळलेली होती: गर्डलखाली ती जवळजवळ सरळ उतरून मग टोकाजवळ एकदम उथळ झालेली होती. स्पायनेलचा क्रांतिक कोन सुमारे ३५.६ अंश आहे. खालचे पैलू त्यापेक्षा उथळ कोनात असले की वरून आलेला उजेड परत न फिरता खालून निघून जातो. श्रीलंकेत कच्च्या दगडाचे वजन वाचवण्यासाठी असा कट वर्षानुवर्षे दिला जातो आणि विक्री कॅरटवर असल्यामुळे त्यामागचे गणितही सरळ आहे. परंतु ते पोट अंगठीत दिसत नाही, आणि त्याचे पैसे मात्र ग्राहक देतो.

फेरकट केल्यास खालचे पैलू सुमारे ४३ अंशांवर आणता येतील, पोट निघून जाईल, खोली ५.४ मिलिमीटरच्या आसपास येईल आणि वजन २.८५ कॅरटच्या जवळ उतरेल, असा माझा अंदाज होता. वरून दिसणारी ९.३ × ७.९ ही मापे तशीच राहिली असती. वजन तीन कॅरटच्या खाली गेल्यामुळे बाजारभावाची एक पायरी सुटते, हे खरे. पण हा खडा पुन्हा विकायचा नव्हता, घालायचा होता, आणि त्यात उजेड खेळणे हे शेवटी वजनाच्या पायरीपेक्षा मोठे होते. जोखीम त्या तड्याची होती. सुदैवाने तो आत खोल न जाता गर्डलच्या जवळून, जवळजवळ समांतर गेलेला होता, आणि स्पायनेलमध्ये ठरावीक दिशेने फुटण्याची प्रवृत्ती नसते. जयपूरच्या कारागिराने खडा पाहून काम स्वीकारले, मात्र तड्याची जबाबदारी घेतली नाही, आणि ते योग्यच होते.

कामाचा क्रमही ठरवावा लागला, कारण जांगडवरचा खडा दुसऱ्याच्या मालकीचा असतो आणि त्याला साण लावण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. आधी प्रयोगशाळेचा अहवाल, अहवालावर अवलंबून असलेली खरेदी, नंतर फेरकट आणि शेवटी नव्या वजन-मापांसह अहवाल अद्ययावत करून घेणे, असा क्रम आम्ही ठेवला. फेरकट झालेल्या खड्याला जुना अहवाल जोडून ठेवणे म्हणजे पुढच्या मालकाला वादाचे साहित्य देणे होय. भावाची बोलणी करताना एकूण रक्कम ३.२४ ने न भागता अपेक्षित २.८५ ने भागून पाहावी, असे मी सुचवले. पोटाच्या सुमारे चाळीस सेंटचे (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) पैसे कोण सोसतो हे त्यामुळे दोन्ही पक्षांना समोर दिसले. दलाल आधी नाराज झाला, परंतु वर्णपटाचा कागद समोर आल्यावर ‘कोबाल्ट’ हा शब्द त्यानेच मागे घेतला आणि एकूण किंमत मूळ मागणीच्या निम्म्याहून थोडी खाली ठरली. हा भाव मला रास्त वाटतो. स्वस्त मात्र नव्हता.

बोलणी चालू असताना घरातील आजोबांनी एक प्रश्न विचारला, तो या प्रकरणाचा भाग म्हणून नोंदवतो: शनीसाठी हा खडा नीलमाच्या जागी चालेल का, आणि तो नीलमापेक्षा हलका मानायचा का? पहिल्या प्रश्नावर माझ्याकडून एवढेच सांगता येते की खनिज वेगळे आहे, आणि नीलम म्हणून तो विकला किंवा घेतला जाऊ नये. पुढचे त्यांच्या ज्योतिषाने सांगावे. दुसऱ्या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर आहे. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातील ३५२.५ कॅरटचा ‘तैमूर रुबी’ हा प्रत्यक्षात लाल स्पायनेल आहे आणि त्यावर जहांगीर व शहाजहान यांची नावे कोरलेली आहेत. मोगल बादशहांना हा दगड माणिकापेक्षा वेगळा असल्याचे ठाऊक होते आणि तरीही तो त्यांनी अंगावर मिरवला. आजोबांचे समाधान झाले, निदान दुसऱ्या प्रश्नापुरते.

जडण

फेरकट होऊन खडा २.८७ कॅरटचा परत आला. खिडकी गेली होती, तडा वाढला नव्हता आणि संध्याकाळच्या दिव्यातली जांभळट छटा मधोमध गोळा झाल्यामुळे अधिक भरीव वाटत होती. रोज वापरायच्या अंगठीसाठी स्पायनेल हा उत्तम दगड आहे: मोह्ज मापनावर कठीणता ८ आणि चिवटपणा चांगला. पन्नाप्रमाणे त्याला जपत बसावे लागत नाही. तरीही सराफाला काही सूचना लेखी दिल्या. अंगठी १८ कॅरेटच्या पिवळ्या सोन्यात, खालून उघडी असावी. बंद कोंदणात या खड्याची करडी सावली वाढली असती. चार नख्यांपैकी एकही तड्याच्या वर किंवा लगत येऊ नये, कारण नखी दाबताना कारागिराच्या हातचा जोर नेमका तेथेच पडतो. सोन्याचे झाळण खडा बसवण्यापूर्वी पूर्ण करावे आणि पुढे कधी अंगठी लहान-मोठी करायची झाल्यास खडा आधी काढावा. ज्योतीच्या उष्णतेने आतल्या द्रवभरल्या पोकळ्या फुटू शकतात, शिवाय ज्या खड्याला तापवल्याची चिन्हे नाहीत असा अहवाल आपण घेतला आहे, त्याला घरच्या भट्टीत तापवून तो अहवाल खोटा पाडण्यात अर्थ नाही. तडा असल्यामुळे अल्ट्रासोनिक यंत्र टाळून कोमट साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशने सफाई करावी.

अंगठीवर हॉलमार्क आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी (दागिन्याच्या ओळखीचा) क्रमांक आला, तेव्हा कुटुंबाने समजून घेतले की ती खूण सोन्याच्या शुद्धतेपुरती आहे आणि खड्याबद्दल ती काहीही सांगत नाही. खड्याची हमी बिलातच लिहून घ्यावी लागते. सराफाने बिलावर लिहिले: नैसर्गिक निळा स्पायनेल, २.८७ कॅरट, तापवल्याची किंवा अन्य प्रक्रियेची चिन्हे नाहीत, कडेजवळ एक उघडा तडा, सोबत अद्ययावत प्रयोगशाळा अहवाल. अहवालाचा क्रमांकही त्याने बिलावर टाकला, आणि दलालाची जुनी पुडी बिलाला टाचून कुटुंबाच्या स्वाधीन केली. तिच्यावरच्या तिसऱ्या शब्दावर दलालाने स्वतःच्या पेनाने रेघ मारून शेजारी सही केलेली होती.